जरा बघ

१

सकाळी सातला बाग उघडते. त्याआधी मी बाकं पुसून घेतो, पिण्याच्या पाण्याचा नळ सोडून बघतो, कपडे बदलायच्या खोल्यांच्या कड्या नीट लागतात की नाही ते तपासतो आणि मग धक्क्यावर जाऊन लाइफ जॅकेटं दोरीवर वाळत घालतो. पायडलच्या बोटी नऊ आहेत. सहा बदकाच्या आकाराच्या, तीन साध्या. बदकांना गिऱ्हाईक जास्त. माणसं पोरांच्या नावाखाली स्वतःच बदकात बसतात, हे मी ही बाग झाल्यापासून बघतो आहे.

बाग लोअर परळला, मिलच्या जागेवर. बाग म्हणजे मधे तळं आणि भोवती फिरायची वाट. हे तळं काही देवाने केलेलं नाही. मिलच्या इंजिनाला पाणी लागायचं म्हणून मालकाने खणून घेतलं. आम्ही कामावर होतो तेव्हा या पाण्याजवळ जायची बंदी होती, आता तिकीट काढून त्यात पाय मारता येतात. ब्याऐंशीच्या जानेवारीत आम्ही आठ दिवसांसाठी म्हणून बाहेर पडलो. संप संपला असं कुणी येऊन सांगितलं नाही, मिल मात्र संपली. जमिनीचे तुकडे पडले. एका तुकड्यावर टॉवर आला, एकावर ऑफिसं आली, आणि तळं कुणाच्याच कामाचं नव्हतं म्हणून ते लोकांना दिलं.

फाटकाजवळ माहिती केंद्र नावाची एक खोली आहे. तिथे मिलचा मोठा फोटो लावलाय, खात्यातली तीनशे माणसं रांगेत. लोक विचारतात, काका, यात तुम्ही कुठे? मी त्यात नाही. त्या दिवशी मी आजारी होतो. पण मी कुणावर तरी बोट ठेवतो आणि लोक खूश होतात.

तळ्याच्या पलीकडच्या काठाला मिलचं जुनं पंपघर उभं आहे. भिंत धड आहे, दार विटांनी बुजवलंय, पुढे तारेची जाळी आणि 'प्रवेश बंद'ची पाटी. धक्क्यापासून सरळ साठ पावलं, मधे पाणी.

दुपारी एक वाजता मी कुठेही असलो तरी धक्क्यावर येऊन त्या भिंतीकडे तोंड करून उभा राहतो. का, तेच सांगायचं आहे.

२

माझं नाव राजाराम. मला कमी ऐकू येतं. समोरच्याने ओरडून सांगितलं तर येतं, पण ओरडताना माणूस चिडल्यासारखा दिसतो, म्हणून मी म्हणतो, ओरडू नका, नुसते ओठ हलवा. साळखात्यात अठरा वर्षं काढलेल्या कुणाचंही असंच असतं. कापड विणायच्या यंत्राला आम्ही साचा म्हणायचो. असे आठशे साचे एका छपराखाली धडधडत असले की देवाचं नाव घेतलं तरी देवाला ऐकू जायचं नाही. मग आम्ही ओठांनी आणि हातांनी बोलायचो. खात्याच्या या टोकाचा माणूस त्या टोकाच्या माणसाला बायकोच्या तक्रारी सांगायचा, आणि मधे फिरणाऱ्या जॉबरला, म्हणजे मुकादमाला, पत्ता नसायचा.

त्या भाषेत एक खूण सगळ्यांत जास्त चालायची. तंबाखू मळायला, मोरीवर, नाहीतर फाटकाशी डबा घ्यायला जायचं असलं की शेजारच्या साचेवाल्याकडे बघायचं. हात वर करायचा, दोन बोटं डोळ्यांशी न्यायची, मग पंजा पालथा करून आपल्या साच्यावर धरायचा. ओठांनी म्हणायचं, जरा बघ. शेजाऱ्याने हनुवटी एकदा खाली केली की झालं. तुझे दोन आणि त्याचे दोन, चारही साचे आता त्याचे. तू परत येईपर्यंत त्याने जागा सोडायची नाही. धागा तुटला तर जोडायचा, धोटा अडकला तर सोडवायचा, जॉबर आईबहिणीवरून बोलला तरी हलायचं नाही. आमच्यात दारुडे होते, चहाडखोर होते, बायका टाकलेले होते. पण मान हलवून नंतर निघून गेला, असा एक नव्हता.

ती मान विचार करून हलत नाही. लग्नाच्या पंगतीत लांबून कुणी हात वर केला तरी आमची हनुवटी खाली जाते. वाढपी मग पानात अजून दोन पुऱ्या टाकून जातो.

माझी बायको बकुळा वायंडिंगला होती, म्हणजे बॉबिनं भरायच्या खात्यात. तिथे बायकाच जास्त. एकदा मी बॉबिनं आणायला गेलो तर या पोरीने माझ्याकडे बघून खूण केली, जरा बघ. माझी मान हलली. ती पाणी प्यायला म्हणून गेली ती अर्धा तास आली नाही. मला त्या कामातलं ओ की ठो कळत नव्हतं. तरी उभा राहिलो, भोवतीच्या बायका पदर तोंडाला लावून हसत होत्या. परत येऊन म्हणाली, "माका बघूक होया होता, उभे रवतास काय पळतास." मी राजापूरचा, ती मालवणची. पुढच्या मे महिन्यात लग्न झालं.

कानांनंतर आता डोळे. उजव्यात मोतीबिंदू पिकला आहे, डाव्यात धरतो आहे. हे मुद्दाम आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणाला वाटलं की म्हाताऱ्याला काहीबाही दिसलं असेल, तर मलाही आधी तसंच वाटलं होतं.

३

नव्व्याण्णवच्या मार्चमध्ये पाण्यावर कापूस दिसायला लागला.

पहिल्यांदा पाहिला तो हरेश्वरने. बोटींची देखभाल त्याच्याकडे. वरळी कोळीवाड्यातला, बाप-आजे समुद्रात गेले आणि हा बदकांना ग्रीस लावतो, यावरून मी त्याला चिडवतो. एका सकाळी त्याने पायडलमध्ये अडकलेला ओला पांढरा गुंता काढून माझ्यापुढे धरला.

"राजाभाऊ, तुमची मिल बंद झाली ना? मग हा काय?"

"सावरीचं झाड असेल कुठेतरी. बोंडं फुटतात या दिवसांत."

"झाड दाखवा."

मी रविवारी सगळी बाग फिरलो, भिंतीवरून टॉवरच्या आवारातही डोकावलो. गुलमोहर होते, अशोक होते, सावर नव्हती. पण कापूस वाऱ्यावर मैलभर येतो. मी हरेश्वरला तसं सांगितलं. तो म्हणाला, वारा कुठे आहे? खरंच नव्हता. आणि वारा नसताना दोरी सुटलेली बोट दर वेळी पंपघराकडे जायची, हेही त्यानेच दाखवलं. "समुद्राला ओढ असते, मान्य," तो म्हणाला. "कंबरभर पाण्याला कसली आलीय ओढ?"

पलीकडच्या वाटेवर झाडू मारायला कुशाबा होता. साताऱ्याकडचा, माझ्याच खात्यातला, माझ्याच पाळीचा. संपानंतर त्याने भाजी विकली, मी वॉचमनगिरी केली, आणि म्हातारपणी दोघे पुन्हा एका आवारात आलो. दुपारी आम्ही एकत्र जेवायचो. एके दिवशी भाकरी मोडता मोडता तो म्हणाला, "जाळीच्या आत कोन हाय रं?"

"कुणी नाही. कुलूप आहे."

"एक मानूस हुबा व्हता भिताडाला. मला म्हनला, जरा बघ."

"मग?"

"मग काय. हलीवली मान."

"कुठल्या खात्यातला?"

"त्वांड न्हाई वळाकलं. पर खून बरुबर केली. आपल्यातलाच."

ठेकेदाराचा कुणीतरी जुना माणूस असेल, असं आम्ही ठरवलं, आणि कांदा फोडला.

४

त्या संध्याकाळी कुशाबा घरी जायला उठला नाही. जाळीजवळच्या बाकावर बसून राहिला. मी बोलवायला गेलो तर म्हणाला, "त्यो आला न्हाई अजून."

मी हसलो. त्याला उठवून दंडाला धरून फाटकाबाहेर काढलं. दुसऱ्या दिवशी तो पुन्हा तिथेच. झाडू बाजूला, हात गुडघ्यांवर, नजर पाण्यावर. जेवायला आला नाही. मी भाकरी घेऊन गेलो तर खाल्ली, पण घाईघाईत, एक डोळा मागे ठेवून. साच्यावर उभ्या उभ्या खायचो तशी. बोटांची टोकं सारखी चोळत होता, जणू गाठ मारतो आहे.

"कुशाबा, मिल नाही रे आता," मी ओठांनी म्हणालो.

"मला काय कळंना व्हय?" तो म्हणाला. "पर मान हलीवलीया."

गुरुवारी बाकावर नुसता झाडू होता, आणि खाली चपला. जाळीकडे तोंड करून, नीट जोडून ठेवलेल्या.

पोलीस आले. बंबवाल्यांनी गळ टाकून तळं चाळलं. कंबरभर पाण्यात माणूस बुडायला तो पडूनच राहायला हवा, आणि पडलेला कुणी सापडला नाही. दोन बुटं निघाली, एक मोबाईल निघाला, आणि कापूस निघाला, घमेलंभर. साहेबांनी तो काठावर ओतायला लावला. त्याबद्दल कुणी काही विचारलं नाही, म्हणून मीही बोललो नाही. दोन दिवस बोटी बंद ठेवल्या, तिसऱ्या दिवशी सुरू.

५

सोमवार होता. दुपार, ऊन मी मी म्हणत होतं. परीक्षा संपलेल्या, त्यामुळे धक्क्यावर गर्दी. एका बाईंच्या मुलीला जॅकेट मोठं होत होतं. मी तिचा पट्टा आवळला, उभा राहिलो, कमरेला हात लावून मान वर केली.

पंपघराच्या भिंतीला कुशाबा उभा होता.

घोट्याएवढ्या पाण्यात, अनवाणी, टोपी घातलेली. चेहरा मला नीट दिसत नव्हता, पण उभं राहायची ढब मी आंधळा झालो तरी ओळखीन. मेल्या, जिवंत आहेस! मला इतका आनंद झाला की मी मोठ्याने ओरडलो असणार, कारण त्या बाई दचकल्या.

कुशाबाने हात वर केला. दोन बोटं डोळ्यांशी. मग पंजा पालथा, खाली.

माझी हनुवटी खाली गेली. आनंदाने गेली की सवयीने, ते आजही मला सांगता येत नाही.

मी वाटेने धावत पलीकडे गेलो. जाळीला कुलूप होतं. आत कुणी नव्हतं. भिंतीच्या पायाशी पाणी हलत होतं, बस्स.

संध्याकाळी चाळीत बातमी आली की कुशाबा घरी आलाय. त्याची बायको साखर वाटत होती. मी गेलो तर तो कोपऱ्यात भिंतीला पाठ लावून बसला होता, पायांची कातडी धोब्याच्या हातांसारखी पांढरी पडून सुरकुतलेली. बायको चहा ठेवायला उठली तशी त्याने माझा हात धरला. बोलला ते आवाज न काढता.

"माफ कर राजा. हात आपसूक वर ग्येला."

"होतास कुठे?"

त्याने पाय पोटाशी घेतले. मग एवढंच म्हणाला, "काम चालू हाय तिथं."

दोन दिवसांनी बिऱ्हाड घेऊन तो गावी गेला. निरोप घ्यायला आला नाही. मला त्याचा राग आला नव्हता. तेव्हा मला अजून काही झालेलंच नव्हतं.

६

पहिल्यांदा पायांना कळलं. धक्क्यावर उभं राहिलं की तळव्यांना बारीक हादरा लागायचा. शेजारी आणखी एका टॉवरचं काम चालू आहे, पायाचे खांब ठोकत असतील, मी म्हणालो. रविवारी काम बंद असताना हादरा होताच. मग बोटं. घरी जेवताना ताटाशेजारी माझी बोटं आपली आपण गाठी मारायची.

सोमवारी सहा वाजता हरेश्वर किल्ल्या वाजवत आला. "चला राजाभाऊ."

"तो आला नाही अजून," मी म्हणालो.

"कोण?"

मी बाकावर होतो, जाळीजवळच्या. धक्का सोडून तिथे कधी गेलो ते आठवत नव्हतं. हरेश्वरने चाळीत निरोप धाडला आणि बकुळा आली. पदराने माझा चेहरा पुसला आणि मला घरी आणलं.

त्या रात्री जेवण झाल्यावर मी तिला सगळं सांगितलं. तोपर्यंत सांगितलं नव्हतं, कारण बहिरा म्हणून हसतात ते पुरे होतं. तिने सगळं ऐकून घेतलं. उद्याची भाजी निवडत होती.

"ऐक," मी म्हणालो. "ही खूण कळणारी आता या भागात दहा माणसं उरली नसतील. बागेत तर कुणीच नाही. पोरांना वाटतं कुणी टाटा करतोय. पण तुला कळते. तू डबा घेऊन बागेत येऊ नकोस. आणि आलीसच, तर पलीकडून कुणी काही म्हणालं तरी मान हलवायची नाही."

"कोण म्हणतलो?"

"कुणीही. मी असलो तरी."

तिचे हात थांबले. "तुमी असलात तरी?"

"मी असलो तरी. शपथ घे."

"बरां," ती म्हणाली आणि उठली. "चुलीवर दूध हा."

चुलीवर दूध नव्हतं. माझ्या ते लक्षात आलं होतं. पण माणूस घाबरला की ज्यावर विश्वास ठेवायचा असतो त्यावरच ठेवतो.

७

कुशाबाला तीन दिवस लागले होते. मी आठ काढले. अभिमानाने सांगत नाही. मी त्या दिवसांत धक्क्याच्या खांबाला हात धरून उभा असायचो.

भीती वाटत होती असं तुम्हाला वाटेल. भीती नव्हती, काळजी होती. साच्याची असते ती. आपण इथे, साचा तिथे, आणि धागा तुटला असेल तर? धागा तुटूनही साचा चालू राहिला तर कापडात भोक पडतं, आणि ते वाढत जातं. मी स्वतःला सांगत होतो, राजाराम, तिथे विटांची भिंत आहे. त्यावर दुसरा राजाराम म्हणत होता, मान तर हलवली आहेस ना?

नवव्या दिवशी दुपारी मी हरेश्वरला म्हणालो, आलोच. पलीकडे गेलो, जाळीजवळच्या बाकाखाली चपला काढल्या. जाळीच्या खालच्या कोपऱ्यात माणूस सरपटत जाईल एवढी तार उचललेली होती. ती आतून उचललेली होती.

पंपघराच्या दाराच्या विटा जागच्या जागी होत्या, हे मी हात लावून पाहिलं. विटांच्या पायाशी पाणी आणि त्यात एक पांढरा धागा. तुटलेला. एक टोक माझ्या पायाशी, दुसरं पाण्यात उतरत गेलेलं आणि ताणलेलं, आत कुणीतरी धरून ठेवल्यासारखं. दोन टोकांत वीतभर अंतर. मी वाकलो आणि गाठ मारली.

आणि मला ऐकू आलं. सतरा वर्षांत पहिल्यांदा स्वच्छ, कानाने, ओठ न बघता. आठशे साचे.

पुढचं मी कुणाला सांगितलेलं नाही आणि इथेही एवढंच सांगतो. कुशाबा खोटं बोलला नव्हता. तिथे काम चालू आहे. रांगा किती लांब आहेत ते कळत नाही, कापूस फार उडतो. डावीकडे कुणीतरी आहे, उजवीकडे कुणीतरी आहे, पण मान वर करून बघायला फुरसत मिळत नाही. भोंगा होत नाही. कापड गुंडाळलं जात राहतं, आणि ते कुठे जातं हे मी पाहिलं नाही. पाळी संपली की कुणीतरी येईल असं वाटत राहतं.

८

मधे मधे पाणी दिसायचं. मोरीच्या खिडकीतून अंगण दिसावं तसं. पाण्यापलीकडे धक्का, बदकं, नारिंगी जॅकेटं. पोरं हात हलवायची. त्यांना मी दिसत असेन, पण खूण कळणारं कुणी नव्हतं. मी हात वर करून पाहिला, खोटं कशाला सांगू. बऱ्याचदा केला. एका मुलीने परत टाटा केला.

मग धक्क्यावर बकुळा दिसली.

हिरवं लुगडं, हातात डबा. तिने डबा बाकावर ठेवला, पदर कमरेला खोचला आणि पाण्याच्या कडेला येऊन सरळ माझ्याकडे बघितलं. मला लांबचं धूसर दिसतं. ती कुणी दुसरी बाई आहे असं मला वाटलं, असं मी पुढे स्वतःला सांगून पाहिलं. ते टिकलं नाही. माझ्या बायकोला मी ओळखलं होतं.

माझा हात वर गेला. दोन बोटं, मग पंजा.

कुशाबा म्हणाला ते खरं आहे, हात आपसूक वर जातो. पण त्या खुणेत हातानंतर ओठ लागतात, आणि ओठ आपसूक हलत नाहीत. मी म्हणालो, जरा बघ.

तिची मान सवयीने हलली नाही. तिने आधी डब्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, आणि मग सावकाश, एकदाच, हनुवटी खाली केली.

मी धक्क्यावर उभा होतो. पाय ओले, अंगावर ऊन. कानांत पुन्हा काही नव्हतं. डबा बाकावर होता, हात लावला तर गरम. बांगड्याचं तिखलं आणि भात. पोटात आग पडली होती. मी बसलो आणि जेवलो. सगळं जेवलो, डब्याच्या कडा बोटाने पुसून. त्यानंतर मान वर केली.

हरेश्वरने येऊन माझे खांदे धरले. त्याचे ओठ मला दिसत होते. "पाच दिवस कुठे होतात? पाच दिवस ती माऊली रोज डबा आणून इथे ठेवते, म्हणते, भुकेजलेले येतील." मग इकडेतिकडे बघून म्हणाला, "वहिनी कुठे गेल्या? आत्ता होत्या इथे."

बाकाखाली तिच्या चपला होत्या.

९

कुशाबाने तीन दिवस काढले, मी आठ, ती माझं जेवण होईपर्यंतही थांबली नाही. पोलीस पुन्हा आले, गळ पुन्हा टाकला. आधी मी बेपत्ता, मग बायको, म्हणजे घरात भांडण असणार, असं साहेबांनी लिहून घेतलं. मी नाही म्हणालो नाही. चाळीतल्या बायका काही दिवस माझ्याशी बोलत नव्हत्या. त्या अर्धवट माहितीवर माझी काय शोभा करत होत्या ते मला ओठांवरून कळत होतं. पूर्ण माहिती असती तर याहून वाईट बोलल्या असत्या.

मी नोकरी सोडली नाही. रोज दुपारी एकला धक्क्यावर उभा राहतो. रोज नाही, पण आठवड्यात दोन-तीनदा ती दिसते. भिंतीला, घोट्याएवढ्या पाण्यात, हिरव्या लुगड्यात. केसांत कापूस असतो.

पहिल्या दिवशी मी दोन्ही हातांनी सांगितलं, विचार. एकदा विचार, मी मान हलवतो. शपथ घेऊन सांगितलं. तिला माझं सगळं कळतं, लग्नाआधीपासून कळतं. तिने दोन्ही हात पदरात गुंडाळले आणि पदर पोटाशी घट्ट धरला. तेव्हापासून जेव्हा दिसते तेव्हा तिचे हात पदरातच असतात. एकदा मीच जाळीखालून जायला गेलो. तार खाली आली आहे. बोलावल्याशिवाय तिथे कुणाला घेत नाहीत, असं दिसतं.

डॉक्टर म्हणतात, दुसरा डोळाही पिकत आलाय, ऑपरेशन करून टाका, साध्या अर्ध्या तासाचं काम आहे. मी पुढच्या महिन्यावर ढकलतो. गेलं वर्षभर ढकलतो आहे. धूसर दिसत असलं की एखाद्या दिवशी तिने हात पदरातून काढलाच, तर मला दिसला नाही असं म्हणता येईल. हे मी लिहून ठेवतो, म्हणजे निदान एका ठिकाणी तरी खरं राहील. रोज मी ठरवून जातो की आज ती विचारेल आणि मी मान हलवीन. आणि रोज तिचे हात पदरातच राहिले की माझा श्वास सुटतो.

पण ओठ अजून दिसतात. हात न हलवता, नुसते ओठ हलवून ती दर वेळी एकच विचारते.

"जेवलात?"

मी हनुवटी खाली करतो. मग बदकं बांधतो, जॅकेटं आत घेतो, आणि सहा वाजता फाटक लावून घरी जातो.